कोखेमहून परतीची तिकिटं

जून महिन्यातल्या एका मंगळवारी, भांड्यांच्या मशीनमधून धुतलेल्या ताटल्या काढता काढता, गेझा आणि फोल्करचं वेगळं व्हायचं ठरलं. फोल्करला ओल्डेनबुर्गला नोकरी मिळाली होती. त्याने विचारलं, "तू येशील?" गेझाने हातातली ताटली पुसली, कपाटात ठेवली आणि म्हणाली, "नाही, मला नाही वाटत." "मलाही तसंच वाटलं होतं," फोल्कर म्हणाला. मग दोघांनी मिळून काटे-चमचे खणात लावले. चोवीस वर्षांचा संसार होता. त्याचा निकाल ताटल्या गार व्हायच्या आत लागला. कुणी रडलं नाही की कुणी दार आपटलं नाही.

त्यानंतर गेझाचं काय झालं ते तिलाच सांगता आलं नसतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगाचंच वाटायला लागलं होतं. ती सकाळी चष्म्याच्या दुकानात कामावर जायची, गिऱ्हाइकांच्या कानांमागे काड्या नीट बसवायची, संध्याकाळी पाव घेऊन घरी यायची. मार्बुर्गचा चढ तोच होता, घर तेच होतं. फोल्कर अभ्यासाच्या खोलीत झोपायला लागला होता, एवढाच काय तो फरक.

अडचण एकच होती. फोल्करच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. रोझविता लिंबुर्गला एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता, लोकरीचं दुकान तिने सत्तरीत बंद केलं होतं, आणि आता सप्टेंबरात तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. केक नको, हॉल नको, चर्चमधल्या बायका तर मुळीच नकोत. मुलगा, सून आणि आपण अशा तिघांनी मोझेल नदीवर तीन दिवस जायचं, असं तिने एप्रिलमध्येच जाहीर करून टाकलं होतं. नदीकाठच्या कोखेम गावातल्या खोल्यासुद्धा तिनेच घेऊन ठेवल्या होत्या.

"परत आल्यावर सांगू तिला," फोल्कर म्हणाला होता. "वाढदिवस तरी नीट होऊ दे." गेझाने मान डोलावली होती.

ऑगस्टच्या एका रविवारी दुपारी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिकिटं काढायला बसले. मध्ये लॅपटॉप, बाजूला शेजारणीने दिलेला प्लमचा केक, आणि केकवर घोंघावणारी एक गांधीलमाशी.

पूर्वी ह्या घरात तिकिटं काढणं म्हणजे मोठं प्रकरण असायचं. फोल्कर जमिनींची मोजणी करणारा माणूस. त्याला जलद गाडी हवी, गाडी बदलायला भरपूर वेळ हवा, आणि चुकलीच तर पुढची कुठली ते आधीच ठाऊक हवं. गेझाला नेमकं उलटं. खिडकीतून काही दिसलं पाहिजे, वाटेत उतरावंसं वाटलं तर उतरता आलं पाहिजे, आणि नदी असेल तिथे बोट पाहिजेच पाहिजे. त्यावरून दोघं कडाकडा भांडायची. एकदा वेझर नदीवर गेझाच्या हट्टापायी शेवटची बस गेली, आणि भर पावसात दोघं पुढच्या गावापर्यंत चालत गेली. जाताना फोल्करने तिच्या सात पिढ्या काढल्या, तिने त्याच्या. गाव आलं तेव्हा दोघांचाही आवाज बसला होता, आणि खानावळीच्या दारात एकमेकांचे अवतार बघून दोघंही हसत सुटली होती.

आज फोल्कर म्हणाला, "लिंबुर्गला आईला गाडीत घ्यायचं, तिथून कोब्लेंत्स. पुढे कोखेमपर्यंत गाडी की बोट?"

"तुला काय बरं वाटतं?"

"मला काहीही चालेल. तू सांग."

"मलाही काहीही चालेल."

गांधीलमाशी केकवर बसली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. रोझविताच होती. फोल्करने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गेझा आहे का तिथे? मला दोघांशी बोलायचंय. हा एकटा असला की नुसता हं हं करतो."

"आहे मी, रोझविता."

"हां. तर ऐका. बसने मी येणार नाही. बसमध्ये माझ्या पोटात ढवळतं. मला बोट पाहिजे. कोब्लेंत्सपासून थेट."

"आई, गाडीने पाऊण तास लागतो," फोल्कर म्हणाला. "बोटीला पाच तासांच्या वर."

"मग? मला इथवर यायला ऐंशी वर्षं लागली. पाच तासांनी काय आभाळ कोसळतंय?"

फोल्करने डोळे चोळले. "बरं. बोट."

"बोट चालेल," गेझा म्हणाली.

पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग रोझविताने विचारलं, "कुणी आजारी आहे का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"काही नाही. मग बोटच काढा. आणि वरच्या मजल्यावरची जागा, खाली बसायला मी काही बटाट्याचं पोतं नाही." तिने फोन ठेवला.

बोटीची तिकिटं झाली. आता परतीचं राहिलं. फोल्करने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"सोमवारी सकाळी ओल्डेनबुर्गला घराच्या किल्ल्या घ्यायच्यात," तो म्हणाला. "मी रविवारी कोब्लेंत्सहूनच उत्तरेला निघतो. ब्रेमेनला गाडी बदलायची. आईला सांगू, कामाचं आहे म्हणून."

"ठीक आहे."

"तू तिला लिंबुर्गला सोडशील ना?"

"वाटेतच आहे."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. टाइप करायला तिचा हात भरभर चालायचा. जायचे प्रवासी तीन. कोब्लेंत्सहून परत यायचे प्रवासी दोन. आणि त्याचं वेगळं, जलद गाडीचं, फक्त जाण्याचं. जागा कुठली हवी असं पडद्यावर आलं तेव्हा तिने न विचारताच मधल्या वाटेकडेची निवडली. त्याचे पाय लांब, खिडकीशी त्याचे गुडघे अडकतात. निवडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे अजून करतोय. काहीतरी वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही. मग तिने पैसे भरायचं बटण दाबलं आणि केकवर झाकण घातलं.

सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी लिंबुर्गच्या फलाटावर रोझविता अर्धा तास आधीच येऊन उभी होती. निळी टोपी, चाकांची बॅग, आणि हातात बटाट्याच्या सॅलडचा डबा, कारण बोटीवरचं खाणं म्हणजे पाण्यात बुडवलेला पुठ्ठा असं तिचं ठाम मत होतं. तिने आधी गेझाच्या गालाला गाल लावला, मग मुलाकडे वळली.

"वाळलास."

"नाही, आई."

"वाळलायस. आणि दाढी कुणाला दाखवायला वाढवलीस?"

कोब्लेंत्सला स्टेशनपासून धक्क्यापर्यंत बसच होती. ही कसली बस, ही तर नुसती एक उडी, असं म्हणून रोझविताने तिला माफ केलं. बोटीवर वरच्या मजल्यावर कठड्याशी जागा मिळाली. ऊन होतं पण बोचत नव्हतं. दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे उभ्या भिंतीसारखे चढत गेले होते, आणि त्यांत कुठे कुठे माणसं वाकून काम करताना मुंगीएवढी दिसत होती. रोझविताने पाणी घातलेली व्हाइट वाइन मागवली, सॅलड तीन ताटल्यांत वाढलं आणि येणाऱ्या प्रत्येक गावाला नावं ठेवली. इथला पाव चामट. इथला पाद्री दारुडा होता. इथल्या एकाने माझ्याशी लग्न करायचं म्हटलं होतं, बरं झालं नाही केलं, त्याचं डोकं पुढे नारळासारखं झालं.

फोल्कर हसला. गेझाही हसली. आपण हसतोय हे तिला कळत होतं, जसं शेजारच्या घरातला रेडिओ कळतो.

म्युडेनच्या बांधाशी बोट थांबली. तिथे बोटीला दोन उंच भिंतींमधल्या अरुंद जागेत घेतात, मागचं दार लावतात आणि पाणी भरत जातात. बोट हळूहळू वरच्या पातळीला उचलली जाते. ओल्या, शेवाळलेल्या भिंती एकदम जवळ आल्या. गार पडलं. आसपासची माणसं उठून फोटो काढायला पुढे गेली आणि हे तिघंच बाकांवर राहिले.

रोझविताने काटा ताटलीवर ठेवला. "तुम्ही वेगळे होताय," ती म्हणाली.

फोल्कर भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

"कुणी सांगितलं?" गेझाने विचारलं.

"सांगायला कुणी कशाला हवं? मी फोनवर बोट म्हटलं, हा म्हणाला बरं, तू म्हणालीस बरं. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुमच्या त्या एल्बे नदीच्या सहलीवरून तुम्ही भांडत होतात तेव्हा मी फोन कानापासून लांब धरून बसले होते. मला वाटलं, कुणालातरी कॅन्सर झालाय. मग म्हटलं, नाही, कॅन्सर झाला असता तर निदान एकमेकांशी गोड बोलले असते."

"आई, आम्ही परत गेल्यावर सांगणार होतो," फोल्कर म्हणाला.

"म्हणजे फोनवर."

"हो. बहुतेक."

"वा," रोझविता म्हणाली. "नवरा पुरला मी, दुकान बंद केलं, दोन्ही गुडघे बदलून घेतले. आणि तुम्हाला वाटलं, ही म्हातारी ऐकून मोडेल."

बोट वर येत होती. भिंतीच्या कडेवर आधी एक खांब दिसला, मग गवत, मग सायकल धरून उभी असलेली एक बाई. फोल्कर उठला आणि कॉफी आणतो म्हणून खाली गेला. कॉफी तिघांच्या समोर होतीच.

"दुसरी कुणी आहे का?" रोझविताने विचारलं.

"नाही."

"दुसरा कुणी?"

"नाही गं. कुणीच नाही."

"मग झालं काय?"

गेझाने खरंच विचार केला. "काही झालं नाही," ती म्हणाली. "तेच."

रोझविताने टोपी काढून मांडीवर ठेवली. केस विरळ झालेले, डोक्याची गुलाबी कातडी दिसत होती. "आणि मी तुझी कोण आता?" ती म्हणाली. "तो माझा मुलगाच राहील, इथे राहिला काय नि चंद्रावर राहिला काय. पण गेली कित्येक वर्षं डॉक्टरकडे मला कोण नेतं? गुडघ्यांच्या वेळी पंधरा दिवस कोण राहिलं होतं? हा की तू?"

दात काढण्याच्या इंजेक्शननंतर होते तशी गेझाची जीभ जड झाली होती. पुढचं दार उघडलं आणि बोट एकदम उजेडात आली.

संध्याकाळी कोखेमला जेवणाच्या टेबलावर कुणी तो विषय काढला नाही. रोझविताने मासा खाल्ला, तो फार शिजलाय म्हणून वाढणाऱ्याला सांगितलं आणि लवकर झोपायला गेली. गेझा आणि फोल्करला एकच खोली होती. रोझविताने एप्रिलमध्येच घेतलेली. दोघं पलंगाच्या दोन कडांवर पडले. "तिने ते नीट घेतलं," फोल्कर अंधारात म्हणाला. "हो," गेझा म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. बाइलश्टाइनला बोटीने जायचं आणि तिथे नदीकाठी जेवायचं, असा बेत होता. पण सकाळी दरीत धुकं इतकं दाट उतरलं होतं की समोरचा तीरसुद्धा नाहीसा झाला होता. धक्क्यावरच्या पोराने सांगितलं, बोट निघेल, पण कधी ते धुकं ठरवेल. रस्त्याच्या पलीकडे बसचा थांबा होता. बस पाच-दहा मिनिटांत येणार होती. नदीकाठच्या वळणांवरून तीही तिथेच जायची.

फोल्करने बसच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. "बसने जाऊ," तो म्हणाला. "इथे गारठ्यात थांबून काय करायचं?"

"बोट येईल की," गेझा म्हणाली. "दहापर्यंत ऊन पडतंच."

रोझविता दोघांच्या मधे उभी होती. तिने मान वर केली. तिचे डोळे एकदम लहान मुलीसारखे झाले. ती एक पाऊल मागे सरकली, जणू दोघांना जागा करून देत होती, आणि वाट पाहू लागली.

गेझाला ते दिसलं. फोल्करलाही दिसलं असावं. त्याने गेझाकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. तो आता म्हणेल, ऊन पडेल हे तुला कुणी सांगितलं, वेझरला पण तू असंच म्हणाली होतीस. मग ती म्हणेल, तुझ्या वेळापत्रकाशीच लग्न करायचं होतंस. वाक्यं तयार होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. कुणीतरी एक उचलायचा अवकाश होता.

"बरं," फोल्कर म्हणाला. "बोटीसाठी थांबू."

"नाही, बसने गेलो तरी चालेल मला," गेझा म्हणाली.

रोझविताने नदीकडे तोंड फिरवलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं. मग तिने टोपी नीट केली.

"संपलंच म्हणायचं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून असं नाही. आणि बसचे दिवे धुक्यातून येताना दिसले तसा तिने हात केला.

"रोझविता, तुला त्रास होईल," गेझा म्हणाली.

"होऊ दे. पिशवी आहे ना तुझ्याकडे?"

ती पहिल्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे बसली आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून राहिली. गेझा तिच्या शेजारी बसली. फोल्कर मागे, एकटा. प्रत्येक वळणाला म्हातारीचा खांदा गेझाच्या खांद्यावर येऊन आदळायचा. एकदा तिने पिशवी मागितली, तोंडाशी धरली, आणि काही न होता परत दिली. "ड्रायव्हर चांगला आहे," ती मोठ्याने म्हणाली. ड्रायव्हरने आरशात पाहून दोन बोटं कपाळाला लावली.

बाइलश्टाइनला जेवण छान झालं. धुकं निवळलं, ऊन पडलं, फोल्करने आईला ओल्डेनबुर्गच्या नोकरीचं आणि घराचं सांगितलं आणि तिच्या आवडीची चामड्याची पर्स दिली. रोझविताने ग्लास उचलला आणि म्हणाली, "तिघांच्या नावाने. एकेकट्याच्या." तिघांनी ग्लासला ग्लास लावला.

रविवारी कोब्लेंत्सला फोल्करची गाडी आधी होती. फलाटावर त्याने आईला जवळ घेतलं. ती त्याच्या छातीपर्यंतच यायची. "पडदे आधी लाव," ती त्याला म्हणाली, "नाहीतर नवं घर महिनाभर गोदामासारखं वाटतं. आणि फोन कर. हं हं करायला नाही, बोलायला." मग तो गेझाकडे वळला. मिठी मारावी की हात द्यावा ते दोघांनाही कळेना. शेवटी त्याने तिच्या कोटाच्या बाहीला हात लावला, कोपराच्या थोडा वर, आणि गाडीत चढला. गाडी हलली. तो वाटेकडेच्या सीटवर असल्यामुळे खिडकीतून दिसला नाही.

लिंबुर्गकडे जाणारी गाडी छोटी होती, दोनच डब्यांची. लान नदी सोबतीला होती, पण दोघींपैकी कुणी बाहेर पाहिलं नाही. रोझविता डुलक्या घेत होती. लिंबुर्ग आल्यावर गेझाने तिची बॅग खाली उतरवून दिली. स्वतःची बॅग तिने सीटवरच ठेवली होती. तिला पुढे मार्बुर्गला जायचं होतं.

"बरं, निघते मी," गेझा म्हणाली.

रोझविता तिच्याकडे बघत होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती. ऐंशी वर्षांच्या बाईची हनुवटी. बोटीवर नाही, धक्क्यावर नाही, मुलाची गाडी हलताना नाही, ती इथे थरथरत होती.

गेझा डब्यात चढली, बॅग उचलली आणि दार लागायच्या आत पुन्हा खाली उतरली. असं का केलं ते तिने ठरवलं नव्हतं. गाडी निघून गेली. दोघी फलाटावर उभ्या राहिल्या.

"पुढची तासाभराने आहे," रोझविता नाक पुसत म्हणाली.

"माहितीये."

"मसुराचं सूप आहे घरात. फ्रीझरमध्ये."

घरी पोचेपर्यंत दिवस कलला. रोझविताने कोट न काढताच गॅसवर सूप ठेवलं. गेझा स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली. सूप गरम झालं, त्यात व्हिनेगर पडलं, दोन बशा टेबलावर आल्या. गेझाने पहिला चमचा तोंडात घेतला आणि जीभ भाजली. चांगली चरचरीत भाजली. डोळ्यांत पाणी आलं.

"फुंकर मारून खा ना, घोडी," रोझविता म्हणाली.

"अळणी आहे," गेझा म्हणाली. आवाज घोगरा आला.

"मग मीठ घे उठून. मी काही इथली वाढपी नाही."

गेझा उठली, सिंकच्या वरच्या कपाटातून मीठ काढलं, दोघींच्या बशांत घातलं आणि परत बसली. रोझविता वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल बोलायला लागली. तो मेला रविवारी दुपारी भिंतीला भोकं पाडतो, पोलिसांना कळवावं की काय. गेझा म्हणाली की पोलिसांनी काही होत नाही, आधी घरमालकाला सांगायचं. रोझविता म्हणाली, घरमालक म्हणजे ओला पाव, पोलीसच बरे. "आधी घरमालक," गेझा म्हणाली. "पोलीस," रोझविता म्हणाली, आणि सूप संपेपर्यंत दोघींचं त्यावर काही जमलं नाही.